जुने ओबीएम घेण्यापूर्वी कॉम्प्रेशन कसे तपासावे?

दाभोळखाडी

नमस्कार मंडळी,

दाभोळच्या खाडीत आमची तेवीस फुटी फायबरची होडी आहे आणि माझे धाकटे काका तिच्यावर जाळे घेऊन जातात. तिचे २५ अश्वशक्तीचे मशीन आता दुरुस्तीच्या पलीकडे गेले आहे, म्हणून नारळी पौर्णिमेच्या आधी दुसरे ओबीएम (होडीच्या मागे बाहेरून लावायचे इंजिन) बसवायचे ठरले आहे. नवे घेण्याची ऐपत या वर्षी नाही. शेजारच्या बंदरात यामाहाच्या एन्ड्युरो मालिकेतले ४० अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन विकायला आहे. मालकाच्या सांगण्यानुसार ते नऊ वर्षे वापरलेले आहे आणि मागितलेली किंमत नव्याच्या निम्म्याहून थोडी कमी आहे.

आम्ही पाहायला गेलो तेव्हा मालकाने दोरी दोनदा ओढून दाखवली आणि "बघा, किती घट्ट लागते, कॉम्प्रेशन एकदम झकास आहे" असे म्हणून विषय संपवला. कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन हवा दाबतो तो दाब. काकांचे समाधान झाले, माझे झाले नाही. सध्याचे मशीनही काकांनी याच परीक्षेवर घेतले होते, आणि दुसऱ्याच हंगामात, भर ओहोटीला खाडीच्या मुखातून आत शिरताना, त्याने दम टाकला. ते बंद पडले नव्हते, पण प्रवाहाच्या विरुद्ध होडी पुढे सरकेना. मागून येणाऱ्या एका होडीने दोर टाकून ओढून आणले म्हणून त्या दिवशी निभावले. नंतर मेस्त्रींनी हेड (सिलिंडरच्या टोकाचे झाकण) उघडले तेव्हा एका सिलिंडरच्या रिंगा (हवा निसटू न देणारी पिस्टनवरची कडी) जवळजवळ संपलेल्या निघाल्या.

या वेळी गेज (दाब मोजायचे साधन) लावून नीट तपासूनच व्यवहार करावा असे मी काकांना पटवले आहे. मला विचारायचे आहे ते असे: दोरीने चालू होणाऱ्या इंजिनावर ही चाचणी विश्वासार्ह होते का? किती आकडा आला म्हणजे इंजिन घेण्याजोगे समजावे? इंजिन सध्या पडवीत लाकडी घोडीवर टांगलेले आहे. पाण्यात न उतरवता तपासता येईल का? आणि विकणाऱ्याकडून काही लपवाछपवी होत असेल तर ती कशी ओळखावी?

जुना फिटर

नमस्कार. मालवणात तीस वर्षांहून अधिक काळ मी ओबीएमची कामे करतो. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत माझ्या पडवीत इंजिनांची रांग लागते, त्यातली निम्मी नुकती हात बदललेली असतात. तुमचा प्रश्न योग्य वेळी आला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

दोरी घट्ट लागते म्हणजे कॉम्प्रेशन चांगले, हे अर्धेच खरे आहे. दोन सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर धडधाकट असला तरी हाताला चांगला झटका बसतो, आणि दुसरा थकलेला आहे हे सरावलेल्या हातालाच कळते. शिवाय आत गंज धरलेला असेल किंवा इंजिन कधी तापून पिस्टन घासला असेल, तरी दोरी जड लागतेच. म्हणून प्रत्येक सिलिंडरचा आकडा वेगळा घ्यावा लागतो.

जाण्याआधी मालकाला सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. पोहोचल्यावर वरचे झाकण काढून सर्वांत आधी हेडवर तळहात ठेवा. ते कोमट लागले तर कोणीतरी आधी चालू करून ठेवले आहे, आणि थंड इंजिन किती ओढींत सुरू होते हे पाहण्याची संधी गेली. अशा वेळी सरळ "संध्याकाळी परत येतो" म्हणावे.

गेज स्वतःचे न्या. दुचाकीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारे, रबरी नळी आणि आट्याचे टोक असलेले गेज चालते. नुसते दाबून धरायचे रबरी बोंड्याचे गेज मात्र नको; होडीत किंवा घोडीवर एकाने दोरी ओढायची आणि दुसऱ्याने ते दाबून धरायचे, यात हवा निसटते आणि आकडा खोटा येतो. या इंजिनाचे ठिणगी पाडणारे प्लग १४ मिलिमीटर आट्याचे आणि आखूड पल्ल्याचे, म्हणजे १२.७ मिलिमीटरचे असतात. गेजबरोबर लांब, १९ मिलिमीटरचे टोकही येते. ते चुकून लावले तर आत डोकावते आणि पिस्टन त्यावर आदळण्याचा धोका असतो. जुना प्लग काढून गेजच्या टोकाशेजारी धरा आणि आट्यांची लांबी डोळ्यांनी जुळवा, मगच ते हाताने फिरवत बसवा. हेड ॲल्युमिनियमचे असते, पान्याने जोर लावलात तर आटे जातील आणि ते भरून देण्याचा खर्च तुमच्या माथी येईल.

आता प्रत्यक्ष काम. पेट्रोलच्या टाकीची नळी इंजिनापासून सोडवा आणि टाकी लांब ठेवा, कारण उघड्या प्लगच्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर पडते. इंजिन न्यूट्रलमध्ये घ्या. इंजिन बंद करणाऱ्या लाल दोरीचा चाप काढून घ्या, म्हणजे ठिणगीच पडणार नाही. प्लगच्या टोप्या काढताना वायर ओढू नका, टोपी धरून फिरवत काढा. दोन्ही टोप्यांत जुने प्लग घालून त्यांची धातूची अंगे इंजिनाला टेकतील अशी बांधून ठेवा. वायर मोकळी लोंबकळत राहिली आणि चापाने काम केले नाही, तर इग्निशनचा डबा जळू शकतो. दोन्ही प्लग काढलेले हवेत. एकच काढून चाचणी केली तर दुसऱ्या सिलिंडरचा विरोध राहतो, दोरी मंद फिरते आणि आकडा कमी दिसतो.

थ्रॉटल (हवा आत सोडणारी पाकळी) पूर्ण उघडा. ही गोष्ट सर्वांत जास्त वेळा विसरली जाते. थ्रॉटल मिटलेला असला तर सिलिंडरला पुरेशी हवाच मिळत नाही आणि धडधाकट इंजिनही आजारी दिसते. काही इंजिनांत न्यूट्रलमध्ये हँडलची मूठ अर्ध्यावरच अडते. म्हणून मुठीवर विसंबू नका, कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहून आतली पाकळी आडवी झाल्याची खात्री करा. नाहीच झाली तर ती बोटाने उघडी धरायला एक माणूस ठेवा.

मग दोरी एकसारख्या जोराने पूर्ण लांबीची ओढा. काटा पहिल्या ओढीला मोठी उडी घेतो, नंतर थोडा थोडा चढतो आणि पाचव्या-सहाव्या ओढीला थांबतो. थांबलेला आकडा लिहा, आणि पहिल्या ओढीला काटा कुठे पोहोचला होता तोही लिहा. चांगला सिलिंडर पहिल्याच ओढीत बरेच अंतर कापतो, झिजलेला हळूहळू चढतो. दोन्ही सिलिंडरना त्याच माणसाने, तितक्याच ओढी द्यायच्या. वरच्याला पुतण्याने आणि खालच्याला काकांनी ओढले तर दोन माणसांची ताकद मोजली जाईल.

आकड्याबद्दल. पेट्रोलवरच्या टू-स्ट्रोक ओबीएमला साधारणपणे १०० ते १३० पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) दरम्यानचा आकडा मी निरोगी समजतो. तुमच्या गेजवर किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर असेल तर हेच सुमारे ७ ते ९ होते. रॉकेलवर चालणाऱ्या प्रकारांचे कॉम्प्रेशन मुळातच कमी ठेवलेले असते, म्हणून आधी इंजिनाच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक वाचा. मात्र आकडा मोठा असण्यापेक्षा दोन्ही आकडे सारखे असणे महत्त्वाचे. फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. त्याहून जास्त असेल तर कारण सापडेपर्यंत पैसे देऊ नका.

थंड चाचणी पडवीत कोरडीच करता येते. दहा-बारा ओढींनी काही बिघडत नाही. पण इंजिन चालू करायचे असेल तर गोड्या पाण्याचे पिंप लागेलच, आणि पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पाटीच्याही वर चांगले वीतभर हवे. कोरडे चालवले तर पंपातला रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारे चक्र) काही सेकंदांतच जळू लागतो. दहा मिनिटे चालवून गरम झाल्यावर दुसऱ्यांदा आकडे घ्या. थंड आणि गरम असे चार आकडे कागदावर शेजारी शेजारी असले की पुढचे बोलणे सोपे जाते.

लपवाछपवीचा एक प्रकार मी स्वतः पाहिला आहे. गिऱ्हाईक येण्याआधी प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडतात. ऑइल रिंगांच्या फटी बुजवते आणि थकलेला सिलिंडर तासाभरासाठी तरुण होतो. काढलेला प्लग ऑइलने निथळत असेल आणि सुरू केल्यावर धुराचा लोट बराच वेळ हटत नसेल, तर पंधरा मिनिटे चालवून मग पुन्हा मोजा. जळून गेलेल्या ऑइलबरोबर खोटा आकडाही जातो.

यंत्रवेल्हाळ

फिटरकाकांनी लिहिलेल्या पद्धतीला माझे पूर्ण अनुमोदन आहे. मी पुण्यात इंजिन चाचणीच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून फक्त गेजबद्दल एक मुद्दा जोडतो.

गेजच्या नळीत एक लहान झडप असते, जी आत गेलेली हवा परत येऊ देत नाही. ही झडप नळीच्या प्लगकडच्या टोकाला असली पाहिजे. ती गेजच्या तबकडीपाशी असेल तर संपूर्ण नळीची पोकळी सिलिंडरच्या पोकळीत मिळवली जाते, आणि तेवढ्या जास्त जागेत हवा दाबली गेल्यामुळे आकडा खरोखरीपेक्षा कमी येतो. मोठ्या मोटारीच्या सिलिंडरला हा फरक फारसा जाणवत नाही. एन्ड्युरो ४० चे दोन सिलिंडर मिळून ७०३ सीसीचे, म्हणजे एकेक साडेतीनशेच्या आसपास, त्यामुळे तिथे तो चांगलाच दिसतो. म्हणून दोन वेगळ्या गेजांचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत. याच कारणाने पुस्तकातल्या आकड्यापेक्षा तुमच्याच गेजवर दिसलेला दोन सिलिंडरमधला फरक अधिक बोलका असतो.

शक्य असल्यास गळती चाचणीही करावी. तीत पिस्टन सर्वांत वरच्या जागी रोखून प्लगच्या भोकातून ठरावीक दाबाची हवा सोडतात आणि किती टक्के हवा टिकत नाही ते पाहतात. दोरी ओढणाऱ्याच्या ताकदीचा त्यात संबंधच उरत नाही. अर्थात त्यासाठी हवेचा कॉम्प्रेसर लागतो आणि बंदरावर तो मिळेलच असे नाही.

मांडवीपार

मी गोव्यात पर्यटकांच्या होड्या चालवतो. एवढ्या बारकाईत जाऊन चांगले इंजिन हातचे घालवू नका, असे माझे प्रामाणिक मत आहे. दोन्ही सिलिंडर ९० च्या वर असतील आणि इंजिन तीन ओढींत सुरू होत असेल तर घेऊन टाकावे. माझ्याकडे आता फोर-स्ट्रोक आहेत, पण पूर्वीची टू-स्ट्रोक मी याच हिशेबाने घेतली आणि ती चालली.

फोर-स्ट्रोक घेणाऱ्यांसाठी एक सूचना मात्र आवर्जून करतो. काही फोर-स्ट्रोकमध्ये दोरी हलकी जावी म्हणून मंद गतीला झडप किंचित उघडी ठेवणारी योजना असते. त्यामुळे दोरीने घेतलेला आकडा फारच कमी येतो आणि माणूस उगाच घाबरतो. तिथे त्या मॉडेलच्या दुरुस्ती पुस्तिकेतला आकडाच प्रमाण मानावा.

जुना फिटर

मांडवीपार, तुमच्या फोर-स्ट्रोकच्या सूचनेबद्दल आभार, ती बरोबर आहे. पण ९० च्या नियमाशी मी सहमत नाही. एक सिलिंडर १२५ आणि दुसरा ९५ असेल तर तुमच्या हिशेबाने ते इंजिन उत्तीर्ण होते, आणि माझ्याकडे हंगामाच्या मध्यावर नेमकी तीच इंजिने येतात. दोन्ही ९५ असलेले नऊ वर्षांचे इंजिन मी एकवेळ घेईन, कारण ते समान झिजलेले आहे आणि अजून एखादा हंगाम निमूटपणे काढील. १२५ आणि ९५ मध्ये कुठेतरी काहीतरी घडलेले आहे आणि ते अजून घडतेच आहे.

कर्लीकाठ

दादा, मी देवबागची. आमच्या घरच्या दोन होड्या आहेत, पर्यटकांना खाडीच्या मुखापर्यंत फिरवतो, आणि इंजिनांचा हिशेब व देखभाल माझ्याकडे असते. तुम्ही कॉम्प्रेशनबद्दलच विचारले आहे, पण कॉम्प्रेशन उत्तम असूनही आम्ही कसे फसलो ते सांगणे मला आवश्यक वाटते.

चार वर्षांपूर्वी आम्ही दोन सिलिंडरचे एक टू-स्ट्रोक घेतले. गेज लावले होते. ११२ आणि ११०, म्हणजे याहून चांगले काय हवे? पिंपात सुरूही झटकन झाले. पण होडीला लावल्यावर दहाव्या दिवसापासून मंद गतीला ते धडधडू लागले, पर्यटक चढत-उतरत असताना बंद पडू लागले, आणि खालच्या सिलिंडरचा प्लग दर दोन दिवसांनी ओला निघू लागला. शेवटी क्रँकशाफ्टचे (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचे) खालचे सील गेलेले निघाले. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी पिस्टनच्या खालच्या बाजूला, क्रँककेसमध्ये येते आणि तिथल्या दाबाने वर जाते, हे मला तेव्हा मेकॅनिकनी समजावून सांगितले. प्लगच्या भोकातले गेज पिस्टनच्या वरची बाजू मोजते. खालच्या बाजूची गळती त्याला दिसतच नाही. सील बदलायचे म्हणून पूर्ण इंजिन उतरवावे लागले आणि दिवाळीची सुट्टी, म्हणजे आमचे वर्षाच्या कमाईचे दिवस, हातचे गेले.

तेव्हापासून मी गेजबरोबर आणखी दोन गोष्टी करते. पिंपात इंजिन गरम झाल्यावर मूठ पूर्ण मिटून ते दहा मिनिटे मंद गतीला सोडते आणि शेजारी उभी राहून ऐकते. न अडखळता टिकले तरच पुढे बोलते. दुसरे म्हणजे गिअरबॉक्सचा खालचा स्क्रू सैल करून दोन थेंब ऑइल बोटावर घेते. ते दुधासारखे पांढरट असेल तर आत पाणी शिरले आहे. हे इंजिन चालू करण्याआधी करावे, कारण उभे ठेवलेल्या इंजिनात पाणी जड असल्याने खाली बसते आणि स्क्रू सैल करताच ते आधी बाहेर येते.

चालू असताना मागच्या बारीक छिद्रातून पाण्याची धार सतत पडते ना, तेही पाहा. धार अधूनमधून तुटत असेल तर आत मिठाने वाट बुजली असण्याची शक्यता असते, आणि तसे इंजिन आज चांगला आकडा दाखवूनही पुढच्या महिन्यात तापून सीझ (आतून जाम) होऊ शकते.

कागदांचे थोडक्यात: पट्टीवरचा इंजिन क्रमांक बिलाशी जुळवा, आणि इंजिन अनुदानातून घेतलेले असेल तर विक्रीवर काही अट आहे का, हे मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात विचारून घ्या.

दाभोळखाडी

सर्वांचे मनापासून आभार. काल काका आणि मी जाऊन आलो. मालकाने इंजिन खरोखर थंड ठेवले होते आणि चाचणीला आडकाठी केली नाही, हे त्यांच्या बाजूने आधी नमूद करतो.

झडप नळीच्या टोकाला असलेले गेज नेले. दोन्ही प्लग काढले. वरचा तांबूस तपकिरी, कोरडा होता, खालचा काळसर आणि किंचित तेलकट. हँडलची मूठ न्यूट्रलमध्ये खरेच अर्ध्यावर अडत होती. कार्ब्युरेटरची पाकळी मी बोटाने उघडी धरली. सर्व ओढी काकांनीच दिल्या.

थंड असताना वरचा सिलिंडर ११८, खालचा ९२. वरच्याचा काटा पहिल्या ओढीत ७० च्या पुढे गेला होता, खालच्याचा जेमतेम ४० ला थांबला आणि मग रखडत चढला. विश्वास बसेना म्हणून दोन्ही पुन्हा मोजले. ११८ आणि ९१. पिंपात दहा मिनिटे चालवून पुन्हा घेतले तेव्हा १२१ आणि ९६. गिअरबॉक्सचे ऑइल स्वच्छ होते, पाण्याची धार अखंड होती, मंद गतीलाही ते टिकले. काकांचे म्हणणे असे की बाकी सगळे चांगले आहे तर एवढ्या फरकाचे काय. मी दोन दिवसांची मुदत मागून आलो आहे. आता पुढे काय तपासावे?

जुना फिटर

तुम्ही चाचणी उत्तम केली आहे. ११८ च्या तुलनेत ९२ म्हणजे २६ ने कमी, सुमारे २२ टक्के. हे सोडून देण्यासारखे नाही. पण इंजिनही लगेच सोडून देऊ नका, कारण यामागे तीन वेगवेगळी कारणे असू शकतात आणि त्यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हेडचे गॅस्केट (सांध्यातली गळती रोखणारी चकती) गेले असेल तर काम एका दुपारचे. रिंगा काजळीने आणि मिठाने खाचेत चिकटल्या असतील, जे बंदीच्या काळात न चालवता ठेवलेल्या इंजिनात नेहमी होते, तर मोकळ्या करता येतात. पिस्टन किंवा सिलिंडरची भिंत घासली असेल तर मात्र रीबोअर, म्हणजे सिलिंडर कापून मोठा करणे, आले.

पहिल्यांदा ओली चाचणी करा. इथे ओबीएमची एक खासियत लक्षात घ्या. मोटारसायकलचा सिलिंडर उभा असतो, त्यात ऑइल टाकले की ते पिस्टनवर सगळीकडे पसरते. ओबीएमची क्रँक उभी आणि सिलिंडर आडवे असतात. तसेच टाकलेले ऑइल सिलिंडरच्या खालच्या अंगाला साचून राहते, रिंगेचा वरचा अर्धा भाग कोरडाच राहतो, आणि चाचणी काहीच सांगत नाही. म्हणून इंजिन घोडीवरच पूर्ण वर उचला, जसे वाळूवर होडी लावताना पंखा वर घेतो तसे. त्या स्थितीत प्लगची भोके आकाशाकडे येतात. दोन्ही सिलिंडरमध्ये एकेक चहाचा चमचा टू-स्ट्रोक ऑइल सोडा, दोन मिनिटे थांबा, फ्लायव्हील (वरचे जड चाक) हाताने सावकाश दोन फेरे फिरवा, मग इंजिन खाली घेऊन मोजा. ऑइल दोन्हींत टाकायचे, कारण ते चांगल्या सिलिंडरचाही आकडा थोडा वाढवते. खरा प्रश्न कोणाचा किती वाढला हा आहे. फिरवताना भोकांसमोर चेहरा नेऊ नका, ऑइलचा फवारा उडतो.

खालचा आकडा भरपूर वाढला तर गळती रिंगांच्या बाजूने आहे, वाढला नाही तर गॅस्केटचा संशय धरावा. त्यानंतर मोबाइलला जोडायचा बारीक नळीचा कॅमेरा कोणाकडून तरी मागून न्या. पिस्टन पूर्ण खाली घेऊन प्लगच्या भोकातून भिंत पाहा. एक्झॉस्टच्या (धूर बाहेर जाण्याच्या) खिडकीच्या वर-खाली विशेष पाहा, कारण तीच सर्वांत तापणारी बाजू. तिरप्या जाळीसारख्या बारीक रेषा दिसल्या तर त्या होनिंगच्या (भिंत मुद्दाम घासून तयार केल्याच्या) आहेत, चांगल्या आहेत. पिस्टनच्या दिशेने सरळ जाणारे ओरखडे आणि त्यांत चंदेरी लेप दिसला तर तो पिस्टनचा ॲल्युमिनियम आहे, भिंतीला चिकटलेला.

दाभोळखाडी

आज पुन्हा जाऊन आलो. ऑइल टाकल्यावर वरचा ११८ चा १२६ झाला, खालचा ९२ चा ११२. म्हणजे एक ८ ने आणि दुसरा २० ने वाढला. गळती रिंगांच्या बाजूची आहे हे काकांनाही पटले.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांकडून कॅमेरा मिळाला. वरच्या सिलिंडरमध्ये जाळीच्या रेषा स्वच्छ दिसल्या. खालच्यात एक्झॉस्टच्या खिडकीच्या डाव्या काठापासून वरपर्यंत तीन सरळ ओरखडे आहेत. त्यांतला मधला नखाएवढा रुंद आणि चकचकीत. काका बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि मग मालकाला म्हणाले, "हे तुम्हीही बघा." मालकाने पाहिले. गेल्या वर्षी जाळ्याचा दोर पंख्यात अडकला होता आणि तो सोडवायच्या आधी इंजिन बराच वेळ ताणून चालवले होते, हे त्यांनी तेव्हा सांगितले. त्यांनाही आतला प्रकार ठाऊक नसावा असे मला वाटते, कारण त्यांचा चेहरा उतरला होता.

मालक किंमत कमी करायला तयार आहेत. रीबोअर करून घेणे शहाणपणाचे ठरेल का?

जुना फिटर

बाकीचे इंजिन तुम्ही वर्णन केल्यासारखे असेल तर ठरेल, पण दोन अटींवर. या इंजिनाचा मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८० मिलिमीटरचा असतो आणि त्याला ०.२५ व ०.५० मिलिमीटर वाढीव मापाचे पिस्टन मिळतात. हेड उघडल्यावर आधी पिस्टनच्या डोक्यावर वाढीव मापाचा शिक्का आहे का ते पाहा, आणि बोअर मोजून घ्या. ०.५० आधीच होऊन गेले असेल तर कापायला जागा उरत नाही, नवी स्लीव्ह (सिलिंडरच्या आतली नळी) बसवावी लागते आणि मग हा व्यवहार करू नये. म्हणून हेड मालकाच्या पडवीतच, त्यांच्यासमोर उघडले जावे आणि किंमत त्यानंतर पक्की व्हावी. दुसरी अट ही की खर्चाचा अंदाज एका सिलिंडरचा धरू नका. दोन्हींचे बोअर, दोन्ही पिस्टन आणि रिंगा, हेड गॅस्केट, आणि एवढे उघडलेच आहे तर कर्लीकाठ ताईंनी सांगितलेली क्रँकची सील व नवा इम्पेलर, असा सगळा हिशेब मेकॅनिककडून लिहून घ्या आणि तो पूर्ण आकडा मागितलेल्या किमतीतून वजा करून बोला.

दाभोळखाडी

काल हेड उघडले. पिस्टनवर शिक्का नाही, बोअर मूळ मापाचाच आहे. मेकॅनिकने लिहून दिलेला खर्च मालकाने जवळजवळ पूर्ण मान्य केला, उरलेला थोडा आम्ही सोसला, आणि इंजिन घरी आणले. सिलिंडर ब्लॉक आज बोअरिंगला रत्नागिरीला पाठवला आहे, ०.२५ चे पिस्टन मागवले आहेत.

जुना फिटर

चांगले झाले. जोडल्यावर पहिले दहा तास पेट्रोलमध्ये ऑइल दुप्पट, म्हणजे पन्नासाला एकऐवजी पंचवीसाला एक घाला, आणि त्या काळात मूठ एकसारखी पूर्ण उघडी ठेवून चालवू नका. दहा तास झाल्यावर, इंजिन गरम असताना, त्याच गेजने आणि काकांच्याच हाताने दोन्ही आकडे घ्या आणि झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसह रंगाने लिहून ठेवा. पुढच्या बंदीत इंजिन उतरवाल तेव्हा त्यांच्याच खाली नवे दोन लिहा.